पटावरच्या मोटारीचे बराबर ब्रेक

हसायचं नाही, असं आधी कबूल करा, मगच सांगतो. कारण हा घोळ मी झोपेत केलेला नाही की कुणाच्या नादी लागून केलेला नाही. चांगली आंघोळ करून, देवाला हात जोडून, पान्हा हातात घेऊन, अगदी मन लावून केलेला आहे!

सत्तर सालानंतरची गोष्ट. आमच्या वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, आखाडा बाळापूरच्या बाजारात किराणा दुकान होतं. कळायला लागल्यापासून मी तिथं तराजू धरून बसायचो, आणि लक्ष सगळं रस्त्यावरच्या ट्रककडं! मला काढायचं होतं गॅरेज. अण्णांच्या मते गॅरेज म्हणजे चांगल्या घरच्या पोरानं तोंड काळं करून घ्यायची जागा.

त्यात मी हैदराबादहून भंगारातली एक मोटार उचलून आणली. कुण्या शौकीन माणसाची शर्यतीची गाडी होती म्हणे. छप्पर नाही, दारं नाहीत. पुढं दोघांची जागा अन् मागं लांबलचक डिकी.

अण्णांनी गाडीभोवती एक चक्कर मारली.

"दिगू, हिला छप्पर काहून न्हाई?"

"अण्णा, शर्यतीची हाय ती."

"अन् पावसाची अन् हिची शर्यत लागली म्हंजी?"

मी जाऊन गाडीवर ताडपत्री टाकली.

पण त्या वर्षी माझं नशीब उघडलं. गावात बैलांचा शंकरपट भरला, आणि पंचांनी जाहीर केलं की बैल पळून झाले की त्याच पटावर मोटारी पळवायच्या. नियम सोपा. या टोकाहून सुसाट यायचं आणि त्या टोकाला फक्कीची पांढरी रेघ मारलेली, तिच्यावर चाक आणून थांबायचं. रेघ ओलांडली की बाद. रेघेच्या जास्त जवळ थांबेल तो जिंकला. स्पर्धेत नावं किती आली? दोन! एक मी, दुसरे हट्टा गावचे बापूराव, जीपवाले.

अण्णा म्हणाले, "जिकलास तर खुशाल गॅरेज काढ. हारलास तर ही गाडी भंगारात, अन् तू जलमभर गल्ल्यावर. मंजूर?"

"मंजूर!" म्हणालो. म्हणायला काय जातंय?

गाडी पळायची मस्त, पण थांबताना जरा मनमानी करायची. म्हणून वारंगा फाट्यावर हमीदचाचांकडं नेली. हे ट्रकचे मिस्त्री. आवाज असा की ट्रकखालून बोलले तरी चहावाल्याला ऐकू जावं. त्यांनी गाडी एकदा पळवली, एकदा थांबवली आणि खाली उतरले.

"गाडी झकास है बावा. बस, आगे-पीछे के बिरेक बराबर कर लो. बराबर न्हाई तो तकलीफ देगी."

एवढं बोलून चाचा एका ट्रकखाली गेले ते गेलेच.

आता मी किराणा दुकानदाराचा पोरगा. मला 'बराबर' म्हटलं की काय दिसणार? दोन पारडी! इकडं एक दाणा जास्त नाही, तिकडं एक दाणा कमी नाही. म्हटलं, हे तर आपलं घरचंच काम!

त्या गाडीचे ब्रेक होते सळयांचे. पायानं दाबलं की सळया ओढल्या जायच्या, दोन पुढच्या चाकांकडं, दोन मागच्या. प्रत्येक सळईला एक नट. तो आवळला की ते चाक जास्त धरणार, ढिला केला की कमी. मी गाडी दगडांवर उचलून ठेवली. ब्रेकवर फळी रोवून तो अर्धा दाबून धरला आणि चार चाकांना चार माणसं लावली. पुढं आई आणि मेहुणा, मागं बायको आणि शेजारचे गुरुजी. मी गाडीखाली!

"गुरुजी, फिरतंय का?"

"जरासं फिरून राहिलंय."

"आई, तुझं?"

"माझं तर जागचं हलंना!"

"मग मागचे आवळतो!"

आवळले. तर बायको ओरडली, "अवो, आता माझंच हलंना!"

पुन्हा ढिले केले. अहो, सकाळपासून दुपारपर्यंत हाच कारभार! मेहुण्याचे हात भरून आले, गुरुजींची शाळा बुडाली. शेवटी चौघंही एका सुरात ओरडले, "बराबर!" मी गाडीखालून असा बाहेर आलो की गावानं माझा सत्कारच करायला हवा होता.

गाडी तपासायला निघालो, तर अण्णा म्हणाले, "हिंडूनच राहिलास तर ही ज्वारीची पोती फाट्यावर टाक." पोती डिकीत घातली. रस्त्यात जोरात ब्रेक दाबून पाहिला. काय सांगू! गाडी सरळच्या सरळ, जागच्या जागी उभी! मी मनात गॅरेजच्या पाटीचा रंगसुद्धा ठरवून टाकला.

पटाचा दिवस उजाडला. पोती अर्थातच काढलेली. वजन कमी तर वेग जास्त, एवढं शास्त्र मलाही कळत होतं!

आधी बापूराव आले. जीप धुरळा उडवत आली आणि रेघेच्या वीतभर अलीकडं थांबली. लोकांनी फेटे उडवले. वीतभर म्हणजे खेळ खलास की!

मग मी सुटलो. कानात वारं, डोळ्यांत माती. रेघ जवळ आली, आणि मी सगळा जीव उजव्या पायात आणून ब्रेक दाबला.

पुढचं मला असं आठवतं: आधी रेघ दिसली. मग बाभूळ दिसली. मग तोंडात पदर घातलेल्या बाया दिसल्या. आणि मग मी जिथून निघालो होतो ते टोक दिसलं! गाडी गर्रकन फिरली होती आणि शेपटीकडून घसरत चालली होती. मी डोळे मिटून घेतले. डोळ्यांपुढं नुसता गल्ला!

गाडी थांबली. धुरळा बसला. पंच वाकले, पुन्हा वाकले आणि ओरडले, "मागचं चाक रेघेवर हाय! ऐन रेघेवर!"

बापूराव धावत आले. "अवो, पण गाडीचं तोंड तिकडं हाय!"

"नियम चाकाचा हाय बापूराव, तोंडाचा न्हाई!"

झालं! नुसता गुलाल! लोकांनी मला खांद्यावर घेतलं. एक म्हातारा दुसऱ्याला सांगत होता, "पोरगं लई हुशार. थांबता थांबता घरी जायला तोंड बी करून ठेवलं बघ!" मी हात हलवत होतो.

तेवढ्यात हमीदचाचा गर्दीतून घुसले, मला खांद्यावरून खाली ओढलं, मिठी मारली आणि कानात म्हणाले, "क्या किया रे गधे?"

"चाचा, तुमी सांगितलं तेच. आगे-पीछे एकसारखे, बराबर."

"या अल्ला! बराबर मतलब ठीक! थांबताना गाडीचं वजन पुढं येतं, पीछा हलका होता. पुढच्यानं जास्ती धरायचं, मागच्यानं कमी. पीछेवाला पहले अटका तो गाडी घूमेगीच! तपासली न्हाईस?"

"तपासली की. डिकीत ज्वारी घालून."

चाचांनी कपाळावर हात मारला. मग लोकांकडं वळून त्या ट्रकखालच्या आवाजात गरजले, "मेरा चेला है! मैंने सिखाया!"

वळून पाहतो तर समोर अण्णा. माझ्या सदऱ्यावरची माती झटकत म्हणाले, "काढ गॅरेज."

माझे डोळे भरून आले हो. "अण्णा, शब्द पाळलात."

"शब्दाचं सोड. तू हारला असतास तरी आता तुला दुकानात बसवलं नसतं."

"काहून?"

"गिऱ्हाईक समोरून येतं, लेकरा. तू त्याच्याकडं पाठ करून बसला असतास!"