कोरड्या पाइपातली बादली

करणी, भूतबाधा यावर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. गेली वीस वर्षं मी नागपुरात सोलर वॉटर हीटर बसवतोय. पाइपात आवाज झाला की घरच्यांना भूत दिसतं, मला हवा दिसते. हवा काढली की भूत आपोआप जातं.

त्रिमूर्ती नगरात एका रिटायर्ड गुरुजींकडे सोलर मीच बसवला होता. नव्या टाइल्स फोडायचा कंटाळा केला आणि गच्चीवरून पाइप अख्ख्या घराला वळसा घालून मागच्या बाथरूमपर्यंत नेला. त्यामुळे व्हायचं काय, की गरम पाण्याआधी बादलीभर गार पाणी यायचं. गुरुजी चिडले होते. "एवढं पाणी रोज नालीत सोडू का गा?"

मी म्हटलं, एक दिवस येऊन पाइप आखूड करून देतो. तो एक दिवस सहा वर्षांत उगवला नाही. गुरुजी रोज सकाळी साडेसहाला ते पाणी बादलीत धरायचे आणि मागच्या कढीपत्त्याला घालायचे.

गेल्या पावसाळ्यात गुरुजी गेले. डिसेंबरात त्यांच्या मुलाचा, मंगेशचा फोन आला. तो पुण्याला असतो, आईकडे आला होता.

"आई म्हणते, सकाळी पाइपातून आवाज येते, बाबा बादली भरून राहिले. शेजाऱ्यांनाही सांगते. तुम्ही पाइप पाहून घ्या जी. त्यात काही नसलं तर रविवारी तिले पुण्याला नेतो. डॉक्टरला दाखवतो, घर बंद करतो."

दुपारी गेलो. आवाज काही नव्हता. तरी हवा बाहेर सोडणारा एअर व्हेंट बदलला, पाइपाचा उतार नीट केला, ढिले क्लॅम्प आवळले. मंगेशची आई, म्हणजे काकू, शेजारी उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "मले कुठी नाही जायचं गा. आवाज येते. तू सांग त्याले."

"मंगेशनं ऐकला का?"

"तो आठले उठते."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन... आवाज आलाच होता. मग मात्र माझी सटकली. माझ्या हातचं काम आणि आवाज राहतो म्हणजे काय?

शनिवारी सकाळी सहालाच पोचलो. टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला, गच्चीवरचा जॉइंट उघडला, पाइप पूर्ण रिकामा केला. खाली नळ उघडून पाहिला, थेंब नाही. नळ परत बंद केला. मंगेशला उठवून बाथरूमच्या दाराशी स्टुलावर बसवलं. मफलर गुंडाळून तो कुरकुरत होता, "काहून बसवलं जी मले इथं?"

साडेसहाला आवाज सुरू झाला.

हवेची गुडगुड मी झोपेतही ओळखीन. ही ती नव्हती. रिकाम्या बादलीत पाणी पडतं तसा आधी पोकळ आवाज... मग भरीव, वर चढत जाणारा... आणि बादली काठाला आली की नळ बंद करावा तसा एकदम थांबला. आमच्या समोर बादली होती. कोरडी ठाक.

मला भीती वाटली नाही. लाज वाटली, कारण तो पाइप माझा होता.

मंगेश स्टुलावरून उठला. मग आत जाऊन म्हणाला, "आई, पुण्याचं राहू दे." काकूंनी चहाचं आधण ठेवलं.

त्याच दिवशी मी टाइल्स फोडून सरळ, आखूड पाइप टाकला. नळ सोडला की गरम पाणी. आवाज बंद झाला. सहा वर्षांचं ओझं उतरलं असं वाटलं.

आठ दिवसांनी काकूंचा फोन आला. "दिलीप, जुना पाइप टाकून तर नाही देल्ला?"

"नाही काकू. गोडाऊनात आहे."

"मग लावून दे बाप्पा परत. गरम पाणी लगेच येते तं आता बादली कशाची भरतीन ते?"

वीस वर्षांत पहिल्यांदा मी समजून-उमजून चुकीची फिटिंग केली. अख्ख्या घराला वळसा घालून, होती तशी.

त्या कोरड्या पाइपात पाणी कुठून वाजलं, ते मला आजही सांगता येत नाही. आता आवाज येतो का, हेही काकूंना विचारलेलं नाही. मागच्या आठवड्यात तिकडून जाताना कढीपत्ता तेवढा पाहिला. बुडाशी माती ओली होती.