आमची वाट आम्हीच चुकीची काढली

ये गं, जवळ सरक. रागावत नाही, पण बोलणार. परवा पुण्याला जाताना गाडीतून फोन केलास, "मावशी, तुमचा रस्ता काय झकास झालाय, वाडी कधी मागे पडली कळलंच नाही." अगं, तू इथेच रांगलीस. वाडी मागे नाही पडली, मधून कापली. ऐक जरा.

आपली बौद्धवाडी आधी सलग होती. मधून डांबरी रस्ता जायचा, तो आम्ही अंगणासारखा ओलांडायचो. माझ्या चुलीवरचं कालवण समोरच्या शेजारणीच्या ताटात कढत पोचायचं. मग रस्ता रुंद झाला, मधे कमरेएवढी भिंत आली. निम्मी घरं इकडे राहिली, निम्मी घरं आणि विहार तिकडे. विहाराच्या पलीकडे मोठं गाव, तिथे शाळा आणि दवाखाना. विहारासमोर भिंतीत एक फट ठेवलीय, तिथून आम्ही जीव मुठीत धरून पळतो. या वयात मी पळावं का, तूच सांग. आता तीही बुजवणार आणि त्याऐवजी रस्त्याखालून बोगदा देणार. एकच. तो कुठे द्यायचा, यावरून माझं डोकं तापलंय.

रस्त्याचे साहेब विहारात आले. म्हणाले, "तुम्ही कुठून कुठे जाता ते तुम्हीच काढून द्या. आराखडा लोकांचाच हवा." आम्हाला कोण आनंद. आजवर कुणी विचारलं होतं? विहाराच्या अंगणात आम्ही बायका चुन्याची फक्की घेऊन बसलो. मधे रस्ता आखला, अलीकडे घरं, पलीकडे गाव. प्रत्येकीने आपल्या दारापासून दवाखान्यापर्यंत रेघ ओढली. माझ्या सुनेने ते सगळं कागदावर उतरवलं. सह्या झाल्या, आंगठे झाले. वर पेढे वाटले आम्ही. पेढे, बघ.

थोड्या दिवसांनी साहेब परत आले. बोगदा कुठे, तर पार खालच्या टोकाला, ओढ्याच्या मोरीपाशी. पावसाळ्यात तिथे छातीएवढं पाणी असतं. मी उठलेच. "सायेब, तिथून कोन जातं?"

त्यांनी आमचाच कागद पुढे धरला. "आजी, तुम्ही जाता. ही तुमचीच रेघ ना?"

माझीच होती. माझी, माझ्या जावेची, सगळ्या म्हाताऱ्यांची रेघ घरातून खाली ओढ्याला, मोरीतून पलीकडे आणि गावाच्या मागून उकिरड्याच्या कडेने दवाखान्याला.

सून म्हणाली, "आई, तुमी तर देवळाच्या गल्लीतून सरळ जाता. परवा माझ्यासोबतच गेलात की."

जाऊ माझ्याकडे बघेना. ती वाट माझ्या आईची होती गं. तेव्हा आपल्या माणसाला गावाच्या गल्लीतून पाऊल टाकायची सोय नव्हती. डोक्यावर भारा असो की कडेवर तापाने फणफणलेलं पोर, गावाला वळसा घालायचा. ते मोडून किती वर्षं लोटली. मी त्याच गल्लीतून चप्पल वाजवत जाते, तिथल्या वाण्याशी भांडते. आणि साहेबाने वाट विचारल्यावर माझा हात उकिरड्याकडे गेला.

"पाय सुधारले आपले," जाऊ पुटपुटली, "हात अजून भितोय."

मी साहेबावर चिडले, त्याला रेघ दिसते आणि उकिरडा दिसत नाही म्हणून. आईला ज्यांनी वळसा घालायला लावला, त्यांच्यावर चिडले. सगळ्यात जास्त स्वतःवर. सुनेला त्या जुन्या वाटेचं काही माहीत नव्हतं, कागदावर उतरवताना तिला वाटलं, म्हाताऱ्यांना ठाऊक असेल. आम्हाला ठाऊक होतं, तेच नडलं.

साहेब म्हणाले, "सह्या झालेला आराखडा बदलता येत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बसून काही काढलं नाही. डब्यात फक्की घेतली आणि चालत निघालो. आपापल्या दारातून, फटीतून, विहारासमोरून, देवळाच्या गल्लीतून, मागे पांढरी रेघ सोडत. ओट्यावर बसलेला गावातला एक जण हसला, "काय आजी, खो-खोचं मैदान आखताय काय?"

"नाय रं. तुझ्या दारातून आमची रोजची वाट हाय, ती आखतोय. पाय वर घे."

त्याने घेतले पाय वर. त्याची बायको बाहेर आली आणि म्हणाली, "बोगदा विहारासमोर झाला तर आमच्या पोरींनापन रस्त्यापल्याड कालेजात जायला बरं." सुनेने ती पांढरी रेघ नव्या कागदावर उतरवली, त्यावर तिचीही सही घेतली.

तो नवा कागद घेऊन आम्ही कचेरीत ठाण मांडलं. साहेब कंटाळले आणि म्हणाले, "बरं, गुरुवारी येऊन पाहतो. पण वापर दिसला पाहिजे." वापर दिसला पाहिजे म्हणे. इतकी वर्षं आम्ही काय उडत गेलो?

तर त्या दिवशी सगळी वाडी त्या रेघेवरून चालणार आहे, इकडून तिकडे आणि तिकडून इकडे, साहेब हो म्हणेपर्यंत. माणसं कमी पडायला नकोत. तुझ्या पोरांनाही आण. बुधवारीच ये गं, राहायलाच ये.