कुबडी वरच्या मजल्यावर गेली

वर्ध्याला बस स्टँडजवळच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मी मराठी टायपिंग शिकवायची. माझ्या वेगामुळे मला घेतलं, असं मालक सांगत. मला वाटतं, खोली तळमजल्यावर होती म्हणून मी तिथे टिकले. त्याआधी दोन ठिकाणी माझी निवड झाली होती आणि दोन्ही ऑफिसं माडीवर होती. लहानपणी पोलिओ झालेला. तेव्हापासून डाव्या पायात कॅलिपर आणि काखेत कुबडी.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. गावाबाहेर एका ट्रस्टने डिझाइनचं संग्रहालय काढलं आणि वस्तूंखाली लावायच्या मराठी पट्ट्या टाइप करायचं काम आमच्याकडे आलं. ते मी केलं. अडकित्ता, कंदील, पाण्याचा तांब्या, कोळशाची इस्त्री, आरामखुर्ची. प्रत्येकाखाली दोन-तीन ओळी. ‘हाताच्या पकडीचा विचार करून दिलेला आकार.’ ‘वापरणाऱ्याला कमीत कमी श्रम पडावेत अशी रचना.’ तीन आठवडे हेच टाइप करत होते. माणसाच्या शरीराची इतकी काळजी करणारे लोक आपल्याच जिल्ह्यात राहतात, याचा मला मोठा आनंद झाला. म्हटलं, हे बघायलाच हवं.

एका रविवारी ऑटो करून सिंदी मेघेच्या घरून निघाले. इमारत देखणी होती. दारातच मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘चांगलं डिझाइन सर्वांसाठी’. हे वाक्यही मीच टाइप करून दिलं होतं. आत तिकीट खिडकी, ऑफिस आणि एक जिना. वस्तू सगळ्या वर. पायऱ्या तेवीस, कठडा नाही, कारण कठड्याने म्हणे जिन्याची रेषा बिघडली असती. हे मला संचालक मॅडमनी सांगितलं. तिशीतल्या, अहमदाबादला शिकून आलेल्या, मनाने खरोखर चांगल्या. मला जिन्याखाली उभी पाहून त्या धावतच बाहेर आल्या.

“अहो ताई, तुम्ही आधी कळवलं असतं तर!”

कळवलं असतं तरी जिना काही दुसरीकडे गेला नसता. मग त्यांनी मला ऑफिसात बसवलं, चहा मागवला आणि वस्तूंच्या फोटोंचा एक अल्बम समोर ठेवला. मी पानं उलटत होते. फोटोंखालचा मजकूर मला पाठ होता. मॅडम मात्र माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या भिंतीला टेकवलेल्या माझ्या कुबडीकडे बघत होत्या.

“ही कोणी केली?”

आमच्या इन्स्टिट्यूटच्या मागच्या गल्लीत सायकल दुरुस्तीवाले एक काका होते. सरकारी शिबिरात मिळालेली लाकडी कुबडी फरशीवर सटकायची, म्हणून त्यांनी ट्रकच्या टायरचं रबर कापून तिच्या बुडाला बसवलं. मग मुठीला सायकलच्या हँडलची पकड आली. मग कागदांची फाईल अडकवायला कॅरिअरची स्प्रिंग आली. सगळ्यात शेवटी घंटी. बाजारात लोक अंगावर येतात म्हणून मी कुरकुर केली, तर दुसऱ्या दिवशी घंटी लावलेली.

मॅडमनी घंटी वाजवून पाहिली. त्यांचा चेहरा उजळला. “अप्रतिम! हेच तर आम्ही शोधतोय. ताई, ही आम्हाला संग्रहासाठी द्याल?”

“द्यायला हरकत नाही,” मी म्हटलं, “पण मी घरी कशी जाऊ?”

त्यांनी जीभ चावली. खूप हसलो दोघी. शेवटी असं ठरलं की काका मला नवी करून देतील आणि मग जुनी मी संग्रहालयाला देईन. पंधरा दिवसांनी त्यांचा माणूस येऊन ती कापडात गुंडाळून घेऊन गेला. मला आभाराचं पत्र आलं. त्यात माझा उल्लेख ‘दात्री’ असा होता. घरच्यांनी ते पत्र पाहुण्यांना दाखवलं. जिथे मला जाता आलं नाही तिथे माझी कुबडी गेली, याचं कौतुक करावं की काय करावं, मला कळेना.

दोन वर्षांनी वर्धापनदिनाचं निमंत्रण आलं, खास देणगीदारांसाठी. मी काकांना म्हटलं, “चला, तुमचं काम पाहून येऊ.”

“मले कोण ओयखते तिथं?” काका म्हणाले. पण धुतलेला सदरा घालून आले.

जिना तसाच होता. या वेळी मात्र मी कळवलं होतं, त्यामुळे प्लास्टिकची एक खुर्ची आणि चार धडधाकट माणसं तयार होती. शाळेत असताना मला असंच उचलून नेताना गॅदरिंगच्या दिवशी पाडलं होतं, सगळ्या पालकांसमोर. मी नको म्हटलं. पायऱ्यांकडे पाठ करून खालच्या पायरीवर बसले आणि हातांवर भार देत एकेक पायरी मागे सरकत वर गेले. खाली पाहुणे थांबून राहिले. एकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, ती काकांनी त्यांच्याकडे बघितल्यावर बंद झाली. काका माझी कुबडी धरून मागोमाग चढत होते.

वर पोचले, काकांकडून कुबडी घेतली आणि उभी राहिले. समोरच काचेच्या पेटीत माझी जुनी कुबडी होती. उलटी टांगलेली. काखेची गादी खाली, रबर वर. खाली संगणकावर छापलेली पट्टी, माझ्या हातची नव्हे: ‘आधारकाठी. अज्ञात ग्रामीण कारागीर.’

काकांनी मान वाकडी करून पाहिलं.

“काऊन उलटी लटकवली?”

मॅडम पुढे झाल्या. “काका, रबराचं काम लोकांच्या डोळ्यासमोर यावं म्हणून डिस्प्लेवाल्यांनी तसं केलंय.”

“अन् हे बाई काय डोक्यावर चालते का?”

काकांनी पट्टी मला मोठ्याने वाचायला लावली. ‘अज्ञात’ म्हणजे काय, ते त्यांना माहीत होतं, तरी मला विचारलं. मी सांगितलं. “मी तं रोज दुकानातच बसून राह्यलो,” ते म्हणाले. “कोणी इचारलं असतं तं सांगतलं असतं.”

एवढ्यात माझा पाय भरून आला. आजूबाजूला बसायला काहीच नव्हतं, फक्त एका चौथऱ्यावर वेताची आरामखुर्ची होती. ‘मानवी पाठीचा अभ्यास करून घडवलेली. कृपया बसू नये.’ हे दोन्ही मीच टाइप केलेलं. मी जाऊन बसले. खुर्ची खरंच फार सुखाची होती, अभ्यास वाया गेला नव्हता. पहारेकरी धावत आला. मॅडमनी त्याला हातानेच थांबवलं आणि माझ्या बाजूला चौथऱ्यावर टेकल्या.

“चुकलंच आमचं,” त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी पर्समधून वही काढून काकांना नाव विचारलं.

“नाव राहू द्या,” काका म्हणाले. “दुकानाचा पत्ता लिवा.”

खरंच तसं झालं. चारेक महिन्यांनी कुबडी सुलटी झाली आणि पट्टीवर गल्लीचा पत्ता आला. जिन्याला कठडा बसवायचा प्रस्ताव मॅडमनी ट्रस्टपुढे ठेवला, असं त्यांनीच मला फोनवर सांगितलं. रेषेचं काय करायचं यावर बैठका चालल्या होत्या. त्यांचा निकाल लागायच्या आत मॅडमना दुसरीकडे नोकरी मिळाली.

मग एक दिवस दुपारी काकांनी मला गल्लीतून हाक मारली. दुकानापुढे हिंगणघाटहून आलेला एक माणूस उभा होता, साधारण माझ्याच वयाचा, दोन्ही काखेत सरकारी कुबड्या. त्याच्या भावाने ती पट्टी वाचून पत्ता आणला होता.

“याले जरा चालून दाखवजो,” काका म्हणाले.

मी कोपऱ्यापर्यंत गेले, परत आले. वाटेत एक सायकल आडवी आली, तिला घंटी दिली. त्या माणसाने मला पुन्हा चालायला लावलं. लोक माझ्या चालीकडे बघतात ते मला नवं नव्हतं, पण हा खाली वाकून, रबर जमिनीला नेमकं कुठे टेकतं ते बघत होता.

“चांगली हाये,” तो काकांना म्हणाला. “मले बोटभर आखूड पायजे.”