भुताच्या मनगटावरचं घड्याळ

कापड गिरणीच्या तपासणी खात्यात त्यांना सगळे भिंगबाई म्हणत. भिंग त्यांनी उभ्या आयुष्यात हातात धरलं नव्हतं. गरजच नव्हती. समोर तिरकं काचेचं टेबल, काचेखाली पांढरा दिवा, वरून सरकत येणारं कापड. कुठे गाठ असली, धागा तुटला असला, तेलाचा ठिपका असला, की आधी त्यांचा पाय कळीवर पडून कापड थांबायचं आणि मग त्यांना कळायचं की आपल्याला काहीतरी दिसलंय. काठाला लाल दोरा बांधायचा, आकडा लिहायचा. लहान दोषाला एक, मोठ्याला चार. बेरीज जितकी कमी, तितकं कापड चांगलं. शून्याचं कापड वर्षातून एखाद्या वेळी यायचं. त्या दिवशी भिंगबाई डबा जरा सावकाश खायच्या.

घरी आल्या की हीच पद्धत टीव्हीसमोर.

‘ओसाड मजला’ नावाची एक जुनी भुताची मालिका होती. इमारतीचा सर्वांत वरचा मजला चाळीस वर्षं रिकामा, आणि तिथे गाणं शिकवणारी एक बाई मरूनही राहतेय. एकूण शहाण्णव भाग. भिंगबाई ते तिसऱ्यांदा पाहत होत्या. मांडीवर वही, कानामागे पेन्सिल. भुताची सावली भिंतीवर पडली: चार. दार आधी आत उघडलं, नंतर बाहेर: चार. बाही एकदा लांब, एकदा आखूड: दोन. भाग संपला की बेरीज. बाविसाव्या भागाला शून्य होतं. त्याभोवती त्यांनी पट्टीने चौकट आखली होती. सत्तेचाळिसाव्याला एकतीस. त्यात भुताच्या मनगटावर घड्याळ होतं. चालू होतं. वेळही बरोबर दाखवत होतं.

त्यांच्या थोरल्या बहिणीला, ताईंना, हे बघवायचं नाही. “अगं, भूत बघतेस की भुताची झडती घेतेस?”

मग ताईंच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला.

डॉक्टरांनी तो जागच्या जागी बसवला आणि डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडला. म्हणाले, “सात दिवस पालथं राहायचं. मान खाली असेल तरच बुडबुडा पडद्याला दाबून धरेल. मान वर केलीत तर पडदा पुन्हा सुटेल. मग मला काही सांगू नका.”

“जेवायचं कसं?” ताईंनी विचारलं.

“मान खाली घालून.”

“आणि भांडायचं?”

डॉक्टरांनी एकदा धाकट्या बहिणीकडे पाहिलं. “तेही मान खाली घालूनच.”

ताई एकट्या राहायच्या, म्हणून भिंगबाईंनी त्यांना आपल्या घरी आणलं. नापास कापडाची मधे भोक असलेली गोल उशी शिवली. त्या भोकात तोंड घालून ताई पलंगावर पडल्या. आणि पहिल्या सकाळीच त्यांची मान अकरा वेळा वर आली. दारावर कोण आलंय? काय करपतंय? शेजारी एवढे कशाला हसतायत?

“ताई, डोळा जाईल!”

“आणि हे ऐकून ऐकून कान जाईल.”

भिंगबाईंची रजा ऑपरेशनच्या दिवसांतच संपली होती. निघताना त्या नवऱ्याला म्हणाल्या, “अहो, काहीही करा, पण तिची मान वर येऊ देऊ नका. मालिका लावा. तेवढं तिला गुंतवून ठेवेल. वहीत आकडे आहेत, चांगले भाग निवडून लावा.”

नवरा टपाल खात्यातून निवृत्त झालेला. सगळे त्यांना टपालराव म्हणत. आकडा वाचायचा आणि पत्र त्या खणात टाकायचं, एवढंच त्यांनी सदतीस वर्षं केलं होतं. आकडा असा का, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. 

त्या दिवशी तिरक्या टेबलावरून तेलाचा एक डाग सरळ पुढे सटकला. शेजारच्या टेबलावरच्या बाईने तो पकडला आणि ती भिंगबाईंकडे अशी पाहत राहिली, जणू सूर्यच चुकला.

संध्याकाळी घरात शांतता होती. भिंगबाई चपला न काढताच धावल्या. आत पाहतात तो ताई पालथ्या, निश्चल. टपालराव खुर्चीत, मांडीवर वही. टीव्ही चालू.

“शू!” उशीतून आवाज आला.

पडद्यावर भुताचं घड्याळ चमकलं. “अहो, हा तर सत्तेचाळिसावा!”

“हो. एकतीस. वहीतला सर्वांत वरचा आकडा,” टपालराव म्हणाले. “आधी सव्वीसवाला लावला, मग अठ्ठावीसवाला. असं चढत चढत आलो. ताई तीन तास हलल्या नाहीत.”

“अहो, त्या चुका आहेत! जितका आकडा मोठा, तितका भाग भिकार!”

“तसं वहीवर लिहिलेलं नाही.”

खरंच नव्हतं. गिरणीत ते कोणी लिहीत नाही. सगळ्यांना ठाऊकच असतं.

“भिकार कसला?” ताई उशीतून गरजल्या. “ती दाराशी आली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. विचार जावईबुवांना, त्यांना दिसलासुद्धा.” धाकटीचं लग्न ताईंनीच जमवलं होतं, म्हणून तिचा नवरा त्यांना कायमचा जावईबुवा.

“ताई, तिने घड्याळ घातलंय.”

“घालू दे. मला चादर दिसतेय.”

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. भिंगबाईंनी चौकटीतला बाविसावा भाग लावला. शून्य दोष. आता ताईला कळेल, चांगलं कशाला म्हणतात ते.

“लाव की,” ताई म्हणाल्या.

“लावलाय.”

थोडा वेळ गेला. “काय चाललंय?”

“ती खिडकीशी उभी आहे.”

“आणि?”

“उभीच आहे. पण काय उभी आहे, ताई!”

“कुठे? बघू!” ताईंची मान वर आली. भिंगबाईंनी झेप घेतली आणि डोकं होतं तिथे परत दाबलं.

“नाक मोडलंस माझं, मेले!”

“पडदा सुटेल!”

“मग मला बोलणारं भूत दे! हे मुकं भूत तुझं तुला लखलाभ.”

मुकाट्याने सव्वीसवाला लागला. ताई शांत झाल्या. आता भिंगबाईंना राहवेना. “बघ बघ, बाही आखूड झाली!” ताईंची मान झटकन वर. “कुठे?” पुन्हा झेप. दहा मिनिटांत हे तीनदा झालं. काल आपण घरात नसताना ताईचा डोळा सुखरूप होता. आज आपल्याच तोंडाने तो जायची वेळ आली.

टपालरावांनी वही मिटली, बायकोच्या कानामागची पेन्सिल काढून घेतली. “तुला दिसतं म्हणून तू बोलतेस. तूही पालथी हो.”

भिंगबाईंनी आजवर कुठल्याही कापडाकडे पाठ फिरवली नव्हती. त्या ताईंशेजारी पालथ्या पडल्या. चादरीच्या विणीत एक गाठ दिसली. त्यांनी डोळे मिटले.

वरच्या मजल्यावर पावलं वाजली. थांबली. दाराबाहेर कोणीतरी श्वास घेतला. मग त्या मेलेल्या बाईने विचारलं, “माझं गाणं कोणाला ऐकू येतं का?”

तीनदा पाहिलेला भाग. हा श्वास भिंगबाईंनी कधी ऐकलाच नव्हता. त्या क्षणी त्यांची नजर लांब बाहीवरून आखूड बाहीवर गेलेली असायची.

“रडतेस?” ताईंनी विचारलं.

“नाही. तू?”

“मला मनाई आहे.”

उरलेले दिवस दोघी अशाच पडल्या. गिरणीतून आलं की भिंगबाई चपला काढायच्या आणि थेट पालथ्या. ताईंची मान एकदाही वर आली नाही.

सातव्या दिवशी डॉक्टरांनी बॅटरी मारून डोळ्यात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. “चिकटलाय पडदा,” ते म्हणाले. भिंगबाईंचा जीव भांड्यात पडला.

घरी येताच ताई टीव्हीसमोर ताठ बसल्या. उजव्या डोळ्यापुढे अजून पाणी डुचमळल्यासारखं होत होतं, पण डावा चांगला होता. “लाव तो एकतीसवाला. एकदा डोळे भरून बघते तिला.”

भुताने दार उघडलं. आत. मग बाहेर.

ताई बघत राहिल्या. “हीच ती?”

“हीच.”

“घड्याळ केवढं घातलंय गं.”

“मी सांगत नव्हते?”

ताईंनी हात लांब करून गोल उशी ओढली, टेबलावर ठेवली आणि तोंड भोकात घातलं. “टीव्ही चालू राहू दे. मला पुढचं नीट बघायचंय.”

भिंगबाईंनी वहीकडे पाहिलं. मग खुर्ची टेबलाशी ओढली.

“सरक जरा,” त्या म्हणाल्या.