वजनकाट्याचा पहारेकरी

आमच्या वर्कशॉपमधून मशिनी बाहेर जायच्या, किस्से मात्र आतच साचायचे. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नागपुरात आम्ही ट्रक तोलायचे इलेक्ट्रॉनिक वजनकाटे बनवायचो. काट्याच्या डब्यात एक चिप आणि चिपमध्ये प्रोग्राम. प्रोग्राम बदलला की काटा आणखी शहाणा होतो, असं कंपनीचं म्हणणं. तो बदलताना आमचं काय व्हायचं, हे कॅटलॉगमध्ये छापलेलं नव्हतं.

*

सुरुवातीच्या चिपांच्या पाठीवर काचेची इवलीशी खिडकी असे. तिच्यातून कडक प्रकाश आत गेला की जुना प्रोग्राम पुसला जाई, मग नवा भरायचा. त्यासाठी खास दिव्याची पेटी होती. ती ऐन मे महिन्यात बिघडली. आमचा टेक्निशियन गजभिये डोक्यानं सगळ्यांत तल्लख आणि नोकरीत सगळ्यांत कच्चा, कारण अजून प्रोबेशनवर. तो म्हणाला, नागपुरात राहून दिव्यासाठी काहून रडता, आठवडाभर गच्चीवर उन्हात टाका.

गच्ची माझी निघाली. बायकोचे पापड वाळत होते, त्यांच्या शेजारी ताटात चिपा मांडल्या, खिडकी वर करून. आठ दिवसांनी तपासल्या, तर एकही धड पुसलेली नाही. बायकोला विचारलं. तिनं अभिमानानं सांगितलं, "रोज उलटवत होती न मी. एकाच बाजूनं वाळून राह्यले होते ते."

*

कामठीला एका लाकडाच्या टालावरचा, म्हणजे वखारीतला, काटा एकदा अडकला. सकाळच्या पहिल्या ट्रकचं वजन त्यानं दाखवलं आणि दिवसभर तेच धरून बसला. येणाऱ्या प्रत्येक ट्रकचं वजन तेच! मालकाला त्यात काही वावगं दिसलं नाही. दुपारी मुनीम डबा खायला सावली बघून काट्यावरच बसला, तेव्हा तोही भरल्या ट्रकएवढा भरला. मग तक्रार आली, आणि तीसुद्धा मुनिमाची.

*

आमचे साहेब तीन आठवड्यांचा कॉम्प्युटर कोर्स करून आलेले होते. या तक्रारीवर त्यांनी उपाय काढला. डब्यात आणखी एक छोटी चिप बसवली आणि तिचं नाव ठेवलं पहारेकरी. मोठ्या चिपनं दर सेकंदाला पहारेकऱ्याला खूण करायची, "मी जिवंत आहे" अशी. दोन सेकंद खूण आली नाही, की पहारेकरी समजणार चिप अडकली, आणि मशीन बंद करून पुन्हा चालू करणार. कल्पना खरंच चांगली होती. साहेबांनी डब्याला सील ठोकलं आणि पहारेकऱ्याला कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम काढला.

तोवर खिडकीवाल्या चिपा गेल्या होत्या. नवा प्रोग्राम वायरीनं थेट मशीनमध्ये भरायचा, त्याला लागायची अकरा मिनिटं. त्या अकरा मिनिटांत मोठी चिप गप्प असायची, शिकत असायची बिचारी! पहारेकऱ्याला ते कुठून कळणार? दोन सेकंद झाले की तो तिला खाडकन बंद करायचा. जुना प्रोग्राम गेलेला, नवा आलेला नाही. काटा ठार.

असे तीन काटे गेले. साहेबांनी चौकशी केली आणि ठपका नागपूरच्या धुळीवर ठेवला. मग प्रोग्राम भरताना सगळ्यांनी चपला बाहेर काढाव्या, असं सर्क्युलर निघालं. आम्ही महिनाभर अनवाणी काम केलं, आणि चौथा काटाही गेला.

*

खरं कारण गजभियेनं शोधलं. सील न तोडता त्यानं मागच्या जाळीतून एक वायर आत पहारेकऱ्यापर्यंत घातली आणि तिला घरच्या बेलचं बटण जोडलं. प्रोग्राम भरला जात असताना दर सेकंदाला हातानं बटण दाबायचं. पहारेकऱ्याला वाटायचं, चिप जिवंत आहे. अकरा मिनिटं न चुकता दाबलं की काटा सुखरूप!

साहेबांनी रिपोर्ट पाठवला की पहारेकऱ्यात दोष नाही. गजभियेला कायम करण्याचं पत्र मात्र टाइप होऊन आठ महिने साहेबांच्याच बॅगेत पडून होतं, सहीवाचून. कारण विचारलं तर साहेब म्हणाले, या माणसाला उपकरणांना हात लावायची सवय आहे. टेक्निशियनला! गजभियेचं लग्न त्या पत्रापायी अडलं होतं. मुलीच्या वडलांना कच्ची नोकरी चालत नव्हती. मला साहेबांचा मनापासून राग यायचा, पण माझीही नोकरी होती.

*

मौद्याच्या एका राइस मिलच्या शेठला नवा प्रोग्राम डोळ्यांसमोर भरून हवा होता. जमला तर आणखी चार काटे घेणार होता. बाहेर धानाच्या ट्रकांची रांग लागलेली. गजभिये मशीनमागे स्टुलावर बटण घेऊन बसला, मी वायर जोडली आणि साहेबांनी कळ दाबून भाषण सुरू केलं. कॉम्प्युटर युग, स्वयंचलित यंत्रणा, मानवी हाताची गरज नाही वगैरे.

सहाव्या मिनिटाला शेठनं मागे डोकावून विचारलं, हा माणूस काय करून राहिला?

साहेब म्हणाले, "काही नाही. तो असाच बसलाय."

गजभियेनं मान वर केली. बोट चालूच होतं. साहेबांकडे बघून तो अगदी अदबीनं म्हणाला, "साहेब, बोट दुखून राह्यलं जी."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. मशीनकडे पाहिलं. बाहेरच्या ट्रकांकडे पाहिलं. मग खाली बसून बॅग उघडली आणि शेठकडे पेन मागितलं.

शेठनं विचारलं, हे कशाचे कागद? साहेब म्हणाले, प्रोसीजरचा भाग आहे.

सही झाली. गजभियेनं मान तिरपी करून ती नीट पाहिली, बटण दाबत दाबत.

"तारीख बी टाका जी."