तळघरात उघडणारी साइट

मिलिंद गेले त्या संध्याकाळी त्यांच्या फोनवर मेसेज आला. "सर, शेवग्याच्या शेंगा चालतात का?"

पाठवणाऱ्याला काही माहीत नव्हतं. त्याच्या वडिलांचं डायलिसिस नुकतंच सुरू झालं होतं आणि हा नंबर त्याला वेबसाइटवर मिळाला होता.

आज मिलिंदना जाऊन दोन वर्षं झाली. मी इथे फेसबुकवर फारसं लिहीत नाही. आज लिहिते आहे.

माझे पती मिलिंद पुण्यात खडकीला कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. किडन्या निकामी झाल्या आणि बिबवेवाडीतल्या एका डायलिसिस सेंटरला आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. आहाराचा कागद मिळाला तो इंग्रजीत. त्यात ब्रोकोली होती, अ‍ॅव्होकॅडो होता.

"यात चाकवत कुठाय?" ते म्हणाले. "किडनी काय फक्त कोरेगाव पार्कातल्या बंगल्यांतच खराब होते?"

म्हणून त्यांनी साइट केली. मराठीत. चाकवत, मेथी, घेवडा, भाकरी, तुरीची डाळ. कुठली भाजी उकळून पाणी फेकायचं, कुठली टाळायची. डाएटिशियन मॅडमनी तपासल्याशिवाय एक ओळ वर चढायची नाही.

मी म्हटलं, "फेसबुक पेज काढा ना. सोपं पडेल."

"दुसऱ्याच्या भिंतीला खिळा ठोकला की घरमालक कधीही काढायला सांगतो."

मग साइटचं नाव घेतलं, सर्व्हरवर जागा घेतली आणि नोटपॅडमध्ये हाताने HTML, म्हणजे वेबपानाचा कोड, लिहायला बसले.

बसले म्हणजे, डायलिसिसच्या खुर्चीत. एक हात मशीनला, त्यामुळे टायपिंग माझ्याकडे. ते सांगायचे, मी लिहायचे.

"इथे हेडिंग."

"बोल्ड केलंय की. दिसतंय तसंच."

"नुसतं दिसायला नको, कोडमध्ये हेडिंग असायला पाहिजे. आणि उघडलेला टॅग बंद कर. नळ उघडा ठेवतेस का घरात?"

बाजूच्या खुर्चीतले लोक हसायचे. त्यांना वाटायचं आमचं भांडण चाललंय. थोडं चाललेलंही असायचं.

बदल करण्याआधी जुनी फाइल वेगळी ठेवायची, ही कारखान्यातल्या ड्रॉइंगची सवय. तीही मला लागली.

सेंटर तळघरात आहे. नेटवर्कची एखादी काडी, तीही मनात आलं तर. नवीन पान झालं की मिलिंद ते तिथल्या मावशींच्या जुन्या, काच तडकलेल्या फोनवर उघडून बघायचे. कोपऱ्यातल्या शेवटच्या खुर्चीत बसून.

"उघडलं का, मावशी?"

"उघडलं की. पण यात कायच न्हाई. नुसतं लिव्हलंय."

"तेच पाहिजे."

ते गेल्यावर त्या मेसेजला मी तिसऱ्या दिवशी उत्तर दिलं. सर राहिले नाहीत, मॅडमना विचारून कळवते. तेव्हापासून साइट मी बघते.

गेल्या वर्षी पहिल्या स्मृतिदिनी, पुण्यानुमोदनाला, आमची मुलगी सायली म्हणाली, "आई, बाबांची साइट किती जुनाट दिसते गं. मी नवीन करते." ती हिंजवडीला आयटीत आहे. तिने मनापासून केली. उघडली की आधी बाबांचा मोठा फोटो हळूहळू उजळायचा, मागे बासरी, मग त्यांच्याबद्दल चार ओळी. खाली आहाराची पानं. घरी बुद्धवंदना झाल्यावर सगळ्यांनी ती टीव्हीवर लावून बघितली. माझ्या सासूबाई रडल्या. मीही.

दोन दिवसांनी शिंदेकाकांचा फोन आला. त्यांच्या पत्नीचं डायलिसिस त्याच सेंटरमध्ये चालतं.

"वहिनी, रागावू नका. साहेब दिसतात, पण कपाळापर्यंतच. मग नुसतं गोल गोल फिरतं. हिला डाळ किती द्यायची ते बघायचं होतं."

मिलिंद गेल्यापासून मी त्या तळघरात पाऊल टाकलं नव्हतं. त्या दिवशी गेले. स्वतः बघितल्याशिवाय काही बदलायचं नाही, हेही त्यांचंच.

वास तोच होता. मशीनचा आवाज तोच.

मावशींनी काही न विचारता शेवटच्या खुर्चीकडे नेलं. तिथे आता दुसऱ्या एक बाई होत्या. मी शेजारी स्टुलावर बसले. मावशींनी फोन दिला.

कपाळ आलं. भुवया आल्या. मग थांबलं.

मी किती वेळ बघत बसले, माहीत नाही. बघावंसं वाटत होतं, हे खरं आहे.

"ताई, आधी कसं भसकन उघडायचं," मावशी हळूच म्हणाल्या.

जिन्यात येऊन सायलीला फोन लावला.

"जुनी साइट परत चढव."

"आई, मी मीटिंगमध्ये आहे. आणि बाबांचा फोटो?"

"आधी डाळ."

ती मीटिंगमधून बाहेर आली. मग म्हणाली, "बाबा असते तर त्यांनी स्वतःलाच डिलीट केलं असतं."

"आणि आपल्याला बोलले असते ते वेगळंच."

ती हसली. मग रडली. मग तिने फाइल चढवली.

मी खाली येऊन पान पुन्हा उघडलं. लगेच आलं. पांढऱ्यावर काळी अक्षरं.

"काय आहे ते?" खुर्चीतल्या बाईंनी विचारलं. मी फोन त्यांच्या मोकळ्या हातात दिला. त्या अंगठ्याने सरकवत वाचत गेल्या. "अय्या, भाकरी चालते होय!" म्हणाल्या. साइट कोणाची, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

सायलीने निवडलेला तो फोटो आज इथे टाकते आहे. तुमच्या सगळ्यांकडे नेटवर्क चांगलं असतं, पूर्ण दिसेल. मिलिंद त्यात हसत आहेत. हनुवटीपर्यंत बघा.

मिलिंद, तुम्हाला मनापासून वंदन. साइट चालू आहे.