अर्ध्या किलोची उपकारस्तुती

मला देवाकडे मागता येत नाही. प्रार्थना करता येते, अगदी अस्खलित. आभार मानता येतात, दुसऱ्यांसाठी विनवणी करता येते. पण स्वतःसाठी काही मागायची वेळ आली की जीभ आखडते. माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि लोक आपल्याला हावरट म्हणतील याची त्यांना भारी धास्ती. कुणाकडे जेवायला गेलं की दुसरी पुरी मागायची नाही, वाढायला आले तरी ताटावर हात आडवा धरायचा आणि ‘नको, पोट भरलं’ म्हणायचं, ही आमच्या घरची शिकवण. पोट भरलेलं नसायचं. घरी येऊन आम्ही भावंडं मुकाट्यानं चुरमुरे खायचो.

नवरा मिळाला तो बरोबर उलटा. त्याला मागायची कसली म्हणजे कसलीच लाज नव्हती. मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत संध्याकाळी पार्किंग मिळणं म्हणजे दिव्य, हा गेटातून आत शिरतानाच मोठ्यानं म्हणायचा, “प्रभू, सावलीतली जागा दे.” जूनमध्ये एसी बिघडला की एसीवर हात ठेवून प्रार्थना करायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी नोएडाच्या एका ऑफिसात एचआरमध्ये आहे, दिवसभर ‘जमल्यास’, ‘आपल्या सोयीनुसार’ असं लिहिते, आणि देवाशीही तशीच बोलते. “तू प्रार्थना करत नाहीस यार, तू मेल लिहितेस,” तो म्हणायचा. “शेवटी रिगार्ड्सपण लिहीत जा. अगं, बाप आहे तो, मॅनेजर नाही.”

दिल्लीतल्या आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांची महिन्यातून एकदा, शनिवारी संध्याकाळी, कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते. कधी आमच्याकडे, कधी नोएडाला, कधी फरीदाबादला. पंचवीसेक माणसं गोल करून बसतात. आमच्यात एक रीत पडून गेली आहे. आपली विनंती आपण नुसती सांगायची. ती देवाकडे मागायची आपल्या उजव्या हाताला बसलेल्या माणसानं, आणि शेवटचं ‘आमेन’ तेवढं आपण म्हणायचं. माझ्या उजव्या हाताला नेहमी नवरा असे. मी म्हणायचे, “गुडघा जरा दुखतोय, थोडा आराम पडावा.” की हा सुरू, “प्रभू, हिला मेट्रोचे जिने धावत चढू दे!” लोक प्रार्थनेत हसायचे. आणि दर वेळी शेवट ठरलेला : “ही नको म्हणेल, तू वाढ.”

आम्हाला मूल झालं नाही. तेही मी मागितलं होतं, पण ‘तुझ्या इच्छेत असेल तर’ असं म्हणून.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर त्याला डेंग्यू झाला. पाचव्या दिवशी आयसीयू, सातव्या दिवशी व्हेंटिलेटर. आतमध्ये एका वेळी एकालाच सोडत, तेही जेमतेम पंधरा मिनिटं. मी आणि सासूबाई आळीपाळीनं जायचो. सासूबाई आमच्याकडेच राहतात. मराठवाड्यातल्या एका मिशनच्या दवाखान्यात त्यांनी आयुष्यभर नर्सचं काम केलं. यंत्रांवरचे आकडे त्यांना माझ्यापेक्षा बरे कळत होते. त्या आत जाऊन काय मागायच्या ते बाहेर मला ऐकू यायचं. “उठव त्याला. माझ्या आधी नेऊ नकोस, सांगून ठेवते.” वॉर्डातल्या सिस्टर एकमेकींकडे बघायच्या. मी आत गेले की त्याचा हात धरून उभी राहायचे आणि मनात म्हणायचे, प्रभू, तुझी इच्छा पूर्ण होवो. मग वेळ संपायची.

त्या शनिवारी सभा नोएडाला होती. हॉस्पिटल जवळच, म्हणून तासभर जाऊन आलो. माझी पाळी आल्यावर मी म्हणाले, “जे त्याच्या इच्छेत असेल ते आम्हाला स्वीकारता यावं.” फरीदाबादच्या मावशींनी डोळे पुसले. केवढा विश्वास आहे पोरीचा, म्हणाल्या. विश्वास कसला, डोंबलाचा! मी घाबरले होते. मागितलं आणि तो ‘नाही’ म्हणाला तर? न मागितलेल्याला निदान नकार तरी मिळत नाही. एवढा साधा हिशेब होता माझा.

सासूबाईंची पाळी आली. त्या म्हणाल्या, “पुढच्या शनिवारी पाच वाजता आमच्याकडे उपकारस्तुती. सगळ्यांनी यायचं.”

आमच्यात कुणी आजारातून उठलं, कुणाला नोकरी लागली, की लोकांना घरी बोलावून देवाचे उपकार मानतात. पण ते मिळाल्यावर. आमच्या चर्चचे पाळकसाहेब हळूच म्हणाले, “आई, तो घरी आला की ठेवू या ना.”

“मिळाल्यावर कुणीबी थँक्यू म्हणतं,” सासूबाई म्हणाल्या. “आधी म्हणायला छाती लागते.”

परत जाताना त्यांनी मला फर्मावलं, “दोन किलोचा केक सांग. वर ‘प्रभू, तुझे उपकार’ लिहून घे.” मी सोमवारी मेट्रोत बसून अ‍ॅप उघडलं. दोन किलोचा होता. दीड होता, एक होता. मी अर्धा किलो निवडला. उगाच कशाला, असं वाटलं. झालंच नाही तर एवढा केक खाणार कोण, हा विचार माझ्या डोक्यात आला. नवरा व्हेंटिलेटरवर आणि मला उरणाऱ्या केकची काळजी! मग पुढचं स्टेशन आलं, तिथं एक बाई चढल्या, मी त्यांना बसायला जागा दिली.

गुरुवारी सकाळी तो गेला. शुक्रवारी पुरला. या दोन वाक्यांच्या मधलं मला फारसं आठवत नाही. माती टाकताना ओली होती आणि नखात गेली, एवढं आठवतं.

शनिवारी चार वाजता बेल वाजली. डिलिव्हरीवाला होता. केक रद्द करायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. “मॅडम, ओटीपी?” मी ओटीपी सांगितला. “पार्टी एन्जॉय कीजिए,” तो म्हणाला. मी त्याला थँक्यू म्हटलं आणि खोका डायनिंग टेबलावर ठेवून दिला.

पाच वाजता मंडळी आली. उपकारस्तुतीला म्हणून नव्हे, भेटायला म्हणून आली होती, पण दिवस आणि वेळ तीच. सासूबाईंनी खोका उघडला. ‘उपकार’ हा शब्द केकवर मावला नव्हता, शेवटची दोन अक्षरं खाली उतरली होती. त्यांनी केककडे बघितलं, मग माझ्याकडे.

“एवढासाच?”

त्यांनी सुरी आणली आणि त्या अर्ध्या किलोचे पंचवीस तुकडे केले, काड्यापेटीएवढे, एकसारखे. प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवला. कुणाची नाही म्हणायची हिंमत झाली नाही. मग त्या मधोमध उभ्या राहिल्या आणि डोळे उघडे ठेवून बोलायला लागल्या. “बापा, तुझ्याकडं पोरगं मागितलं होतं. तू दिलं नाहीस. मी रागावलेय तुझ्यावर. आणि पंचावन्न वर्षं दिलंस त्याचे उपकार मानते. दोन्ही ऐकून घे.” खाली बसल्या आणि रडल्या, गावाकडे रडतात तशा, मोठ्यानं, नाव घेऊन. मी चहा केला. सगळ्यांना पुरला.

मला रडू आलं नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. पंधरा दिवसांनी ऑफिसला गेले. मेल लिहिल्या, दोन मुलाखती घेतल्या. किती खंबीर आहेस, लोक म्हणायचे. खंबीर कसली, मला काही लागतच नव्हतं. गरम चहानं जीभ भाजली तर ती भाजल्याचं संध्याकाळी कळायचं. त्याचे शर्ट कपाटात होते तसे होते, कपाट उघडून मी माझी ओढणी काढायचे आणि बंद करायचे.

आठवड्याभरानं जेवताना सासूबाईंनी विचारलं, “सभेत म्हणालीस ते लोकांसाठी झालं. त्याच्याजवळ एकटी असताना काय मागायचीस?”

“तुम्ही मागितलंत तेच,” मी म्हणाले.

“बरं,” त्या म्हणाल्या. आणि भात कालवायला लागल्या.

ते खोटं मग आमच्या घरात राहायला आलं. आम्ही दोघी समोरासमोर बसून जेवायचो, भाजी चांगली झालीय म्हणायचो. पण मला आतून एकच माहीत होतं. त्याच्यासाठी सगळ्यांनी मागितलं. सोसायटीच्या वॉचमननंसुद्धा गुरुद्वाऱ्यात जाऊन मागितलं. मी, त्याची बायको, मीच मागितलं नव्हतं. हे कळलं तर ही म्हातारी माझं तोंड पाहणार नाही, आणि या शहरात मला तिच्याशिवाय आता कुणी नव्हतं.

सभेत माझ्या उजव्या हाताला आता सासूबाई बसू लागल्या. माझी पाळी आली की मी म्हणायचे, “काही विशेष नाही.” मग त्या म्हणायच्या, “प्रभू, हिची काही विनंती नाही.” आणि पुढची व्यक्ती. चार महिने हेच चाललं.

मार्चमध्ये सभा आमच्याकडे होती. सकाळी मी बटाटे सोलत होते, सासूबाई कोथिंबीर निवडत होत्या. एकदम म्हणाल्या, “दोन किलोचा केक सांगितला होता मी.”

“अ‍ॅपवर नव्हता, आई.”

“होता. मी बघितला नंतर. मला येतो मोबाइल.”

आता काय लपवायचं? मी म्हणाले, “आई, मी मागितलंच नव्हतं. एकदासुद्धा नाही. तुमच्याशी खोटं बोलले. त्याचा हात हातात होता आणि तुझी इच्छा, तुझी इच्छा, एवढंच म्हणत राहिले. नकार आला असता तर मला झेपला नसता, म्हणून मागितलं नाही.” माझा आवाज अगदी सरळ होता, एखाद्याला सुट्टीचे नियम समजावून सांगावेत तसा.

त्या कोथिंबीर निवडतच होत्या. “तू मागितलं नाहीस म्हणून तो गेला, असं वाटतं तुला?”

“हो.”

“येडी आहेस का गं? तुझ्या दहापट मी मागितलं. सगळा वॉर्ड ऐकत होता. मग माझं कुठं कमी पडलं?”

हा विचार मी कधी केलाच नव्हता. “मग मागायचं तरी कशाला?” मी विचारलं.

“बाप आहे म्हणून. दुसऱ्या कुणाकडं जायचं? आजवरचं सगळं त्यानंच दिलं ना, मग हेही त्यालाच मागायचं. नाही दिलं तर भांडायचं. मी रोज भांडते. तू तर भांडत पण नाहीस त्याच्याशी. परक्याच्या घरी बसल्यासारखी बसतेस.”

“आता काय मागू, आई? आता राहिलंय काय?”

“जे तेव्हा मागायचं होतं ते.”

“आई, तो गेला.”

“मला माहितंय,” त्या म्हणाल्या. “मी जन्म दिलाय त्याला.” मग कोथिंबिरीच्या काड्या गोळा करून त्या गॅलरीत गेल्या, बराच वेळ आल्या नाहीत.

संध्याकाळी मंडळी जमली. वडे झाले, चहा झाला, गीत झालं. विनंत्या सुरू झाल्या. कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाचा बीपी, कुणाची पुण्याला बदली. माझी पाळी आली. “काही विशेष,” एवढं माझ्या तोंडून सवयीनं निघालं आणि पुढचा ‘नाही’ निघेना. सगळे वाट बघत होते. उजवीकडे सासूबाई मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या, माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या.

“मला तो परत हवाय,” मी म्हणाले.

पाळकसाहेबांनी वर बघितलं. फरीदाबादच्या मावशींचा कप बशीवर वाजला. मला थांबता येईना. “बरा होऊन हवाय. चालत, बोलत, गेटातून पार्किंग मागत यायला हवाय. आणि मूल हवं होतं मला. दोन हवी होती. तेही मी कधी धड मागितलं नाही. थोडंसं नकोय मला. सगळं हवंय.” माझा आवाज इतका मोठा झाला होता की शेजारच्या फ्लॅटचा टीव्ही कुणीतरी हळू केला.

अशा विनंतीचं काय करायचं असतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. पण रीत म्हणजे रीत. मागायचं होतं उजवीकडच्या माणसानं. सासूबाईंनी माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. तो मुठीत आवळलेला होता. त्यांनी एकेक बोट सोडवून तो उताणा केला, नर्स करतात तसा, आणि डोळे उघडे ठेवूनच म्हणाल्या, “बापा, ऐकलंस ना? पोरगी आज पहिल्यांदा नको म्हणत नाहीये. तू वाढ.”

पुढचं ‘आमेन’ मी म्हणायचं होतं. मला रडू कोसळलं, म्हणून तेही त्यांनीच म्हटलं.